काटा शून्याच्या उजवीकडे

गल्लीत यंदा पुन्हा मांडवाचं पांढरं कापड लागलं आणि माझा उजवा अंगठा आपोआप हलायला लागला. हातात कॅमेरा नाही, भाजीची पिशवी आहे. तरी अंगठा पिशवीच्या बंदावर एक न दिसणारं चाक फिरवतोय. वैशाखाच्या उन्हात पांढरं कापड दिसलं की मला दुसरं काही सुचत नाही. उजेड किती, सावली किती, या कापडापुढं उभ्या राहणाऱ्या बाईचं तोंड दिसेल का, एवढंच डोक्यात घोळत राहतं. मांडववाल्यानं शिडीवरून विचारलं, ताई, काही हरवलंय का? मी नाही म्हणाले आणि चालायला लागले. कांदे घ्यायचे राहूनच गेले.

ही खोड लागली तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुजाताचं, लग्न ठरलं होतं. लग्न दिंद्रुडला, आमच्या घरापुढंच मांडव घालून. मी बीडमध्ये नोकरीला, एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासते. शनिवार आला की दुपारची बस धरायची, तेलगावला बदलायची आणि घामानं भिजून घरी पोचायचं, असा तो सगळा उन्हाळा गेला. सुजातानं लग्नात सगळ्यांचं सगळं ऐकलं. जेवणात काय असावं, पाहुणे कुठं उतरवावेत, कशात तोंड घातलं नाही. तिची अट एकच होती. लग्नाच्या फोटोत आई मधे उभी पाहिजे. कडेला चालणार नाही, अर्धी चालणार नाही, पाहुण्यांच्या मागं तर मुळीच नाही. आणि आईचं म्हणणं, ते सोडून काय बी बोल.

"माज्यानं फोटो काळा येतो," आई म्हणायची. पीठ संपलंय असं सांगावं तशा साध्या आवाजात.

आमच्यात लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं. नवरा पांढऱ्या सदऱ्यात, नवरी पांढऱ्या साडीत, पुढं बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, फुलं. घरातल्या बायकाही पांढऱ्याच साड्या नेसतात. आई-पप्पांच्या लग्नाचा एक फोटो आहे. पप्पा उजळ, म्हणून कसेबसे दिसतात. आईच्या जागी पदर आहे, हार आहे आणि मधे नुसता अंधार. नाक कुठं, डोळे कुठं, काही पत्ता नाही. पांढरी साडीसुद्धा पांढरी आलेली नाही, चुलीतल्या राखेसारखी मळकट दिसते. तो फोटो घरी आला तेव्हा आत्या, पप्पांची थोरली बहीण, सगळ्यांदेखत म्हणाली होती की हिच्यामुळं समदा फोटो काळा पडला. आई तेव्हा नवी नवरी. तिनं ते ऐकून घेतलं आणि खरं मानलं. मला आत्याचा राग येतो तो येतोच, पण आईनं ते खरं मानलं, याचा जास्त येतो.

त्या दिवसापासून आई सरकायला शिकली. आमच्या घरातला अल्बम काढून बघा. माझ्या वाढदिवसाला केकच्या सुरीवर एक हात आहे, तो आईचा. पप्पांच्या निरोपसमारंभाला खुर्चीमागं पदराचं टोक आहे, ते आईचं. नारायणगडाला गेलतो तेव्हाच्या फोटोत एक कोपर आहे. कुणी कॅमेरा वर केला की ही बाई चहा ठेवायला उठायची, मूल उचलायची, चप्पल शोधायला लागायची. एकदा आम्ही बहिणींनी तिला हट्टानं बसवलं, तर आत जाऊन तोंडाला पावडर लावून आली. फोटो आला तर तोंड राखाडी आणि गळा काळा. आम्ही खूप हसलो, तीही हसली. त्यानंतर ती पावडर लावूनसुद्धा बसली नाही.

तर मी कॅमेरा घेतला. ओळखीच्या एकाचा जुना, वापरलेला, पण डिजिटल, आणि वर गोल चाकी असलेला. चाकीवर हिरवा चौकोन म्हणजे सगळं कॅमेराच ठरवणार. 'एम' म्हणजे सगळं आपल्या हाती. मी आधी हिरव्या चौकोनावरच खूश होते. दुकानं, झाडं, लॅबमधल्या मैत्रिणी, झकास येत होतं सगळं. मग एका शनिवारी दिंद्रुडला आई पांढरी साडी वाळत घालत होती, तिला कळू न देता मी एक फोटो काढला. बघते तर काय, तोच लग्नातला फोटो. साडी मळकट, आई काळोखात. इतक्या वर्षांनी, इतकं सुधारलेलं यंत्र, आणि तेच. मला वाटलं, खरंच आईतच काही आहे का? हा विचार मनात आला म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मग मोबाइलवर फोटो काढायला शिकवणारे व्हिडिओ सुरू झाले. सगळे हिंदीत, सगळे पुरुष, आणि सगळ्यांची सुरुवात 'तो भाई लोग' अशी. मी भाई लोग होऊन बसायचे. कॅमेऱ्याच्या आत बघितलं की खाली एक बारीक पट्टी दिसते, मधोमध शून्य आणि त्यावर सरकणारा काटा. काटा शून्यावर आणा म्हणजे फोटो बरोबर, असं प्रत्येक भाऊ सांगत होता. मला वाटलं, हे काय अवघड असणार. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावणारी बाई मी. त्यालाही उजेड कमी-जास्त करायची सोय असते. काचेवरचं रक्त नीट दिसेपर्यंत फिरवायचं, झालं. पण मायक्रोस्कोपखालच्या रक्ताला लग्नाची घाई नसते आणि त्याला कुणी काळं-गोरं म्हणत नाही.

कॅमेऱ्याचं सगळंच उलटं. उजेड आत घेणाऱ्या भोकाचा आकडा लहान तितकं भोक मोठं, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं कुणास ठाऊक. त्या भोकामागच्या पडद्याची उघडझाप सावकाश केली तर उजेड भरपूर येतो, पण माणूस जरा हलला की त्याची दोन माणसं होतात. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढवावा तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. एक धरावं तर दुसरं सुटतं. बसमध्ये मांडीवर कॅमेरा घेऊन मी चाक फिरवत बसायचे. शेजारची बाई विचारायची, बिघडलाय का? कपाळ माझं, बिघडले मी होते. लॅबमध्ये रक्त द्यायला खिडकीशी बसलेल्या बाईच्या गालावर उजेड कसा पडलाय, हेच बघत राहायचे. एकदा एका म्हाताऱ्याचा दंड बांधून तशीच थबकले. तो म्हणाला, पोरी, सुई टोच एकदाची, जीव टांगून ठिऊ नको. जेवताना, कपडे धुताना, फोनवर बोलताना, कशातच माझं चित्त नव्हतं. तारीख जवळ येत होती. काटा शून्यावर यायचा आणि आई काळीच यायची.

एका रविवारी दिंद्रुडला गेले नाही. खोलीत भिंती खायला उठल्या तशी स्कूटी काढली आणि पालीला, बिंदुसरेच्या धरणावर गेले. पाणी पार आटलेलं. उघड्या पडलेल्या काळ्या गाळात बगळे चालत होते. मी बगळ्यांवर कॅमेरा धरला, काटा इमानेइतबारे शून्यावर आणला, आणि बगळा आला नुसता पांढरा डाग. पीस नाही, चोच नाही. मी चिडून गाळाचा फोटो काढला. गाळ राखाडी. मग पांढऱ्या ओढणीचा काढला. तीही राखाडी. दोन्ही एकाच रंगाचे! तिथं बंधाऱ्यावर तापल्या दगडावर बसून माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. या यंत्राला जगात फक्त राखाडी ठाऊक आहे. पांढरं जास्त दिसलं की ते घाबरून अंधार करतं, काळं जास्त दिसलं की उजेड करतं. पांढरी साडी, पांढरा मांडव, पांढरी फुलं बघून ते सगळं मळवून टाकतं आणि त्या अंधारात आईचं तोंड बुडतं. शून्य म्हणजे बरोबर, असं कुणी सांगितलं? शून्य म्हणजे कॅमेऱ्याचं आपलं मत. मी एकटीच मोठ्यानं हसले आणि लगेच रडायला आलं. एवढ्याशा मतासाठी एक बाई आयुष्यभर चहा ठेवायला उठत राहिली.

आता काटा शून्याच्या उजवीकडं, जास्त उजेडाच्या बाजूला, न्यायचा हे कळलं, पण किती? जास्त नेला तर साडी उजेडात जळून जाते, काठ उडतो. कमी नेला तर आई परत अंधारात. आणि आई तर सरावाला बसणार नव्हती. पुढच्या शनिवारी संध्याकाळी, ऊन कलल्यावर, मी गच्चीवर धुतलेली पांढरी चादर अंथरली आणि स्वयंपाकघरातून भाकरीचा तवा उचलून आणला. चादरीवर तवा ठेवला. चादरीची वीणही दिसली पाहिजे आणि तव्याचा काठही, हे मी ठरवलं. एक एक घर काटा सरकवत राहिले, उकिडवी बसून, पायांना मुंगळे चावल्यासारखं होईपर्यंत.

खाली आई पीठ मळून तवा शोधत होती. सगळं घर पालथं घालून गच्चीवर आली. चादर बघितली, तवा बघितला, मला बघितलं. स्वच्छ चादर खराब केली म्हणून बोलणी बसणार असं मला वाटलं. तिनं एवढंच विचारलं, तवाच कावून? मी काहीतरी सांगायला लागले. पांढरं असतं, काळं असतं, कॅमेरा फसतो. आणि मधेच आईच्या चेहऱ्यावर सगळं समजल्याचं दिसलं.

"म्हंजी ह्यो तवा म्हंजी मी."

मला गच्चीवरून उडी मारावीशी वाटली. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर आत्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? आई टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, दाव बरं. मी कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो पुढं नेत गेले. पहिल्यात तवा म्हणजे चादरीला पडलेलं भोक. पुढं हळूहळू त्याला कड आली, मग मधला खोलगट भाग आला, मग उलथण्याचे ओरखडे. शेवटी शेवटी तर काठावरचा तो टवका, जो आम्ही लहानपणी आदळून पाडला होता, तोही आला. आईनं कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला. पहिला फोटो परत मागितला, मग शेवटचा, मग परत पहिला.

"ह्यो पयला बी काळाच हाय," ती म्हणाली, "अन् ह्यो बी काळाच हाय. पर ह्यो दिसतोय."

एवढं बोलून तवा उचलून ती खाली गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. फोटोत उभी राहीन म्हणाली नाही, राहणार नाही असंही म्हणाली नाही. मी जेवताना तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती म्हणाली, जेव की गं, माज्या तोंडाला काय लागलंय.

आता सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. माझा रंग आईचा आहे. सुजाता पप्पांवर गेली, मी आईवर. शाळेच्या गटफोटोत बाई मला कायम शेवटच्या रांगेत टोकाला उभं करायच्या. उंच आहेस म्हणून, असं सांगायच्या. मी काही उंच नाही. कॉलेजात गेले आणि मोबाइल आले, तसा मी एक सोपा उपाय शोधला. द्या इकडं, मी काढते, म्हणायचं. जो फोटो काढतो त्याचा फोटो येत नाही. लोक म्हणतात हिला फोटोची भारी हौस. डोंबलाची हौस! आई चहा ठेवायला उठायची, मी कॅमेरा मागून घ्यायचे, एवढाच काय तो फरक. आणि हीच मी आईला मधे उभं करायला निघाले होते. रात्रीची झोप उडाली होती ती नुसत्या काट्यामुळं नव्हे.

सुजाता आता पुण्याला असते. रविवारी व्हिडिओ कॉल करते. तिच्या नव्या मोबाइलात काय करामत आहे देव जाणे, माणूस दिसला की त्याला आपोआप गोरं करून टाकतो. गाल गुळगुळीत, सुरकुत्या गायब. ती माहेरी आली तेव्हा पहिल्यांदा आईनं स्वतःला त्यात बघितलं आणि मागं वळून पाहिलं, खोलीत दुसरी कुणी आलीय का म्हणून. मग म्हणाली, ही म्या न्हाई, बंद कर. आधी काळा डाग, आता पांढरा डाग. या यंत्रांना माणूस दिसायचा कधी, असं मनात येतं आणि मी परत बेचैन होते. वस्तीतल्या चार घरी लग्नाला मला कॅमेरा घेऊन बोलावतात आजकाल. मी जाते. नवरीच्या मागं मागं सरकणाऱ्या बायका मला आधी दिसतात, नवरी नंतर.

सुजाताच्या लग्नाच्या दिवशी मांडव पांढऱ्या कापडानं झाकला होता आणि दुपारचं ऊन त्यातून गाळून आत येत होतं. सुरेख उजेड होता. कुणाच्या डोळ्यांखाली सावली नाही, कुणाच्या कपाळावर चमक नाही. वरपक्षानं त्यांचा फोटोग्राफर आणला होता, चाळिशीतला, घाईतला माणूस. त्याला संध्याकाळी दुसरं लग्न होतं. मी माझा कॅमेरा घेऊन बाजूला उभी. काटा शून्याच्या उजवीकडं, जिथं तव्याचा टवका दिसला होता तिथं. पंचशील झालं, फुलं पडली, टाळ्या झाल्या. आई कुठं दिसेना. ती मागं, आचाऱ्याजवळ, वरणाच्या पातेल्यात डाव घालून उभी. सुजाता नवरीच्या साडीत तशीच उठली, सगळ्या पाहुण्यांमधून मागं गेली आणि आईला मनगटाला धरून घेऊन आली. आईनं हात पुसले, पदर नीट केला. नवी पांढरी साडी आणि तोंडाला काही लावलेलं नाही. नवरा-नवरीच्या बरोबर मधे तिला उभं केलं. पप्पा एका बाजूला, आत्या मागच्या रांगेत.

फोटोग्राफरनं एक फोटो काढला, मागच्या पडद्यावर बघितलं आणि भुवया आवळल्या. त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. आणखी एकदा बघून तो सहज म्हणाला, मावशी, तुम्ही जरा मागं सरका, नाहीतर कडंला थांबा, फोटो डार्क येतोय.

सगळा उन्हाळा घोकलेलं उत्तर माझ्या ओठांवर होतं. पांढरं कापड, राखाडी, काटा, सगळं. पण मी आईच्या पायाकडं बघत होते. तिचा उजवा पाय सवयीनं मागं गेला होता. टाच उचललेली, पदर मुठीत. आता ही वळणार, वरणाकडं जाणार. सुजाताचं तोंड रडवेलं झालं. मागच्या रांगेत आत्या कुणाशीतरी बोलता बोलता थांबली.

आईनं उचललेली टाच खाली टेकवली.

"भाऊ, मी न्हाई सरकत," ती म्हणाली. "आजवर लई सरकले. तुमच्या त्या डब्यात काय सरकवायचं आसंल ते सरकवा."

फोटोग्राफरनं मान खाली घातली आणि कॅमेऱ्यावरची चाकं बघायला लागला. आईनं त्याच्याकडं परत बघितलंसुद्धा नाही. ती मला शोधत होती. खांबाच्या आडोशाला, डोळ्याला कॅमेरा लावून उभी असलेली मी तिला सापडले.

"अन् तू गं? तू तिथं कावून हुबी? ये हिकडं."

कॅमेरा खुर्चीवर ठेवून मी गेले. कुठं बघावं ते कळत नव्हतं. आईचा तळवा घामानं ओला होता. तिनं माझा दंड घट्ट धरला, मला सरकता येऊ नये इतका घट्ट.